नॉर्वेतला पूर्वज शोधायचाय? आधी सैन्याच्या वह्या उघडा

नमस्कार मंडळी!

नॉर्वेतलं घराणं शोधायला बसलेला माणूस सगळ्यात आधी चर्चची वही उघडतो. बरोबरच आहे, जन्म, लग्न, दफन सगळं तिथे एका जागी मिळतं. पण मागे जाता जाता ती वही संपते. देशातली सगळ्यात जुनी चर्चवही आंदेबू गावची, १६२३ ची. बाकी अनेक ठिकाणी पानं सुरू होतात ती १७०० च्या आसपास किंवा त्याही नंतर. शिवाय गरिबाघरचा धाकटा मुलगा, दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून राहिलेला गडी, अशांच्या वाट्याला तिथे दोन ओळी येतात. जन्मला आणि गेला, संपलं.

सैन्याला मात्र नेमकी हीच माणसं हवी होती. मग त्यांचं वय किती, उंची किती, लग्न झालंय का, राहतो कुठे, हे सगळं कारकुनाने लिहून ठेवलं. कौतुकाने नव्हे हां, हिशेबासाठी! पण आपल्याला त्याचं काय, कागद उरलाय ना.

आता ही व्यवस्था समजून घेऊ, कारण ती कळली नाही तर वहीत काहीच सापडणार नाही. १६२८ साल. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे, गादीवर चौथा क्रिस्तियान. त्याने खेड्यांतून सैन्य उभं करायचं ठरवलं. काही शेतवाड्या मिळून एक गट करायचा आणि त्या गटाने एक शिपाई द्यायचा. या गटाला म्हणायचे ‘लेग्द’. शिपाई एरवी गावातच राहायचा, शेतीची कामं करायचा, कवायतीला बोलावणं आलं की जायचा. तो म्हातारा झाला किंवा मेला की त्याच गटाने दुसरा माणूस द्यायचा. घोडदळासाठी मोठ्या शेतवाड्या वेगळ्या काढलेल्या असत, त्यांनी घोडाही पुरवायचा.

म्हणून सैन्याच्या हजेरीवह्या, ज्यांना तिथे ‘रुल्ले’ म्हणतात, त्या नावांच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. त्या लेग्दच्या क्रमांकाने लावल्यात. क्रमांक, त्याखाली शेतवाड्यांची नावं, मग शिपाई.

[स्क्रीनवर: ओले हान्सेन]

समजा तुमच्या हातात एवढंच नाव आहे. हान्सचा मुलगा ओले. याची मुलं हान्सेन नाहीत बरं का, ती ओल्सेन, आणि मुली ओल्सदात्तर. त्यापुढे शेतवाडीचं नाव. आपल्याकडे सातारकर तीन पिढ्या पुण्यात राहिला तरी सातारकरच राहतो. तिथे उलटा प्रकार! ओले दुसऱ्या वाडीवर कामाला गेला की नावाचा शेवटचा भाग बदलला. सगळ्यांनी कायमचं आडनाव घ्यायचं, हा कायदा आला थेट १९२३ मध्ये. त्यामुळे सैन्याच्या एकाच तुकडीत, म्हणजे कंपनीत, चार-पाच ओले हान्सेन भेटले तर घाबरू नका. नावामागे धावूच नका, शेतवाडी धरा.

शेतवाडीवरून चर्चचा परगणा कळतो आणि परगण्यावरून कंपनी. कंपन्यांची नावं बहुधा त्या त्या भागावरून असत. वॉसचा माणूस बर्गनहुस रेजिमेंटच्या वॉस कंपनीत शोधायचा. रेजिमेंटांची फेररचना अधूनमधून होत राहिली, तेव्हा साल बघून त्या सालची रेजिमेंट पकडा. या वह्या ओस्लोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याचशा स्कॅन करून ‘डिजिटालआर्किव्हे’ या सरकारी संकेतस्थळावर टाकल्यात. एक पैसा लागत नाही. पण नाव टाकून शोधता येईल असं फार थोडं आहे. बाकी पान उलटत बसायचं.

माझ्या मते पानावरचा सगळ्यात मोलाचा रकाना शेवटचा, शेऱ्यांचा. इथे कारकून मोकळा सुटतो. अमुक साली सुटका, अमुक साली मृत्यू, सेवेला अपात्र, पळून गेला, दुसऱ्या कंपनीत बदली. ‘पळून गेला’ दिसलं की मला तर आनंदच होतो. चर्चच्या दफनांत हा माणूस का सापडत नाही, त्याचं उत्तर मिळालेलं असतं! आणि त्याच्या जागी त्याच लेग्दमध्ये कोण आला तेही बघा. अनेकदा तो भाऊ निघतो, नाहीतर शेजारच्या वाडीवरचा पोरगा.

उंचीचं एक सांगून ठेवते. ती इंचांत आहे, पण इंग्रजी इंच नव्हे. तिथला जुना इंच २.६ सेंटिमीटरहून किंचित मोठा. ६६ इंच म्हणजे जवळजवळ १७३ सेंटिमीटर. इंग्रजी इंच धरलात तर पाच सेंटिमीटर खुजा होईल बिचारा. वयावर मात्र फार विसंबू नका. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की दहा वर्षांत माणूस सातच वर्षांनी मोठा झालेला दिसतो.

याहून मागे जायचं तर दोन शिरगणत्या आहेत, दोन्ही लढायला माणसं किती, या हिशेबातून निघालेल्या. पहिली १६६३ ते १६६६, बारा वर्षांवरच्या पुरुषांची. ती पाद्र्यांनी वेगळी केली आणि महसूल अधिकाऱ्यांनी वेगळी, म्हणजे एकाच गावच्या दोन याद्या ताडून बघता येतात. दुसरी १७०१ ची, तिच्यात एक वर्षाच्या मुलापासून सगळे पुरुष, पण पूर्वेकडच्या भागाची बरीच पानं गहाळ आहेत. आणि बायका? दोन्हींत जवळजवळ नाहीतच. आजीकडून पणजीकडे जाणारी वाट इथे अडते, तिला चर्च आणि वारसाहक्काचे कागद लागतात.

पूर्वज किनाऱ्यावरचा असेल तर लेग्दच्या वहीत वेळ घालवू नका. दर्यावर्दी लोकांची नोंद आरमारासाठी वेगळी व्हायची, त्यांच्या वह्या वेगळ्या. आणि नूरलान, त्रोम्स, फिनमार्क या उत्तरेकडच्या भागांत सक्तीची लष्करी सेवा लागू झाली १८९७ मध्ये. शहरांतल्या पोरांनाही १८५४ पर्यंत सूट होती. संविधान १८१४ चं, त्यात देशरक्षणाचं कर्तव्य सगळ्यांना सारखं, पण ओझं वाहिलं खेड्यांनी.

काही माणसं गावच्या कागदांतून एकदम नाहीशी होतात. साल १७५८ ते १७६२ असेल तर होल्स्टाइनचा, म्हणजे आजच्या उत्तर जर्मनीतल्या भागाचा, विचार करा. रशियाशी युद्ध होईल या भीतीने नॉर्वेचे शिपाई तिकडे नेले होते. साल १८०७ ते १८१४ असेल आणि माणूस खलाशी असेल, तर तो इंग्रजांच्या कैदेत असू शकतो, कारण तेव्हा डेन्मार्क-नॉर्वेचं इंग्रजांशी युद्ध चालू होतं. चॅटमसारख्या बंदरांत जुन्या जहाजांचे तुरुंग केले होते. त्या कैद्यांची रजिस्टरं लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत.

आणि कधीकधी माणूस थेट हिंदुस्थानात निघतो! तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगमबाडी १६२० पासून डेन्मार्ककडे होतं, आणि नॉर्वेचे शिपाई, खलाशीही तिथे नोकरीला यायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला गव्हर्नर पेटर आंकर नॉर्वेचाच. शेजारी राज्य कुणाचं? तंजावरच्या भोसल्यांचं. या लोकांचे कागद शोधायला मात्र ओस्लो नाही, कोपनहेगन गाठावं लागतं.

सुरुवात कुठून करायची? १८०१ ची जनगणना घ्या, तिच्यात सगळ्यांची नावं आहेत आणि नावाने शोधताही येतं. धंद्याच्या रकान्यात ‘सोल्दात’ किंवा ‘लान्वेर्न’ असं दिसलं की तो माणूस सैन्यात. त्याची शेतवाडी टिपा आणि १७९० च्या दशकातली त्या कंपनीची वही उघडा. अक्षर गॉथिक वळणाचं, भाषा डॅनिश, पहिली दोन पानं लागणारच नाहीत. म्हणून आधी शेतवाड्यांची नावं वाचा, ती तुम्हाला जनगणनेतून माहीत आहेत. त्यावरून त्या कारकुनाचा ‘ह’ कसा, ‘स’ कसा, हे कळतं. मग त्याच लेग्दचा क्रमांक धरून आधीच्या वहीत जा, तिथून त्याच्याही आधीच्या.