प्रेत उलट बोलतं तेव्हा

[पडद्यावर : एक्सेटर कॅथीड्रलमधलं हस्तलिखित]

दहाव्या शतकातलं हे बाड इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलचं. यातल्या एका कवितेत दर सातव्या रात्री आत्मा थडग्यापाशी येतो आणि स्वतःच्याच प्रेताला फैलावर घेतो. जगाचा अंत आधी ओढवला नाही, तर ही फेरी तीनशे वर्षं चुकायची नाही. तू जेवणावळी झोडल्यास, दारूत लोळलास. मी मात्र देवासाठी तहानलेलाच राहिलो, ही त्याची तक्रार.

प्रेत गप्प. बोलणार कशानं? किड्यांचा म्होरक्या गिफर, जबडे सुईहून टोकदार. थडग्यात सगळ्यांआधी तो घुसतो आणि थेट जिभेला भिडतो. जिभेच्या दहा चिंध्या झाल्यात, सांधे निखळलेत. खटला चालू आहे आणि आरोपीला तोंडच नाही!

[पडद्यावर : लॅटिन हस्तलिखिताचं पान]

बाराव्या-तेराव्या शतकात मात्र बाजू पालटते. पॅरिसमध्ये विद्यापीठ आकाराला येत होतं आणि दोन्ही बाजू मांडून वाद घालणं हा तिथल्या अभ्यासाचाच भाग होता. त्याच सुमाराच्या ‘व्हिजिओ फिलिबर्टी’ या लॅटिन काव्यात प्रेत चक्क डोकं वर काढतं आणि आत्म्याला सुनावतं. त्याचं म्हणणं साधारण असं : बुद्धी तुला दिली, इच्छाशक्ती तुला दिली. तू धनी, मी चाकर. मग मला आवरायचं काम कुणाचं होतं? तू निघून गेलास आणि मी लाकडासारखा पडलोय. आता माझ्या हातून एक तरी पाप घडतंय का?

बिनतोड मुद्दा आहे. आत्म्यालाही तो पटतो. आवरायला हवं होतं, हे तो कबूल करतो. पण पुढच्याच दमात म्हणतो, नादी तूच लावलंस. लोकांना धाक घालण्यासाठी रचलेल्या काव्यात कवीनं सगळ्यात चांगली ओळ सडत्या देहाच्या तोंडी घालावी, याचं मला फार कौतुक वाटतं. निकाल तो देतच नाही. सैतानाचे दूत येतात आणि आत्म्याला फरफटत नेतात. देहही सुटलेला नाही. जगाच्या अंती देव सगळ्या मेलेल्यांचा निवाडा करील, त्या अंतिम न्यायाच्या दिवशी त्यालाही थडग्यातून उठायचंय.

याच विषयावरच्या इंग्रजी काव्यात मेलेला माणूस सरदार आहे. घोडे, ससाणे, शिकारी कुत्रे, सगळा थाट. म्हणून तिथले सैतान त्याच्या आत्म्याच्या पाठीवर खोगीर चढवतात आणि मागे कुत्रे सोडतात.

[पडद्यावर : स्पेनमधला ओन्या इथला मठ]

स्पेनमध्ये ओन्याच्या मठातला 1201 सालचा एक दानलेख आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर कुणीतरी हाच वाद स्पॅनिशमध्ये उतरवला. आत्मा इथं उघड्या तान्ह्या पोराच्या रूपात रडतो आणि विचारतो : कुठं गेले ते घोडे, ते सोनेरी लगाम, ते सोन्याचे पेले? जेमतेम 37 ओळी उरल्यात आणि त्या आत्म्याच्या तक्रारीतच तुटतात. स्पॅनिश देहाची पाळी आलीच नाही.