बोट पुण्यात, दिवा इंदिरानगरात

[दृश्य : दिंडोरी तालुका, रात्र. द्राक्षबागेच्या कडेला विहीर. खांबावर पत्र्याची पेटी, आत स्टार्टर, त्याला जोडलेला सिमकार्डाचा डबा.]

लांबून बटण दाबायची सवय नाशिकला आधी मळ्यात लागली, घरात नंतर आली.

शेतीची लाईट पाळीनं येते. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्री दोनला लाईट आली की उठायचं, बॅटरी घ्यायची आणि बांधावरून विहीर गाठायची. वाटेत उसाचं रान असलं तर बिबट्याची धास्ती. निफाड, सिन्नर, दिंडोरी, या पट्ट्यात ही धास्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे मोबाईल स्टार्टर. डब्यात एक सिम. त्या नंबरला फोन लावला की मोटर सुरू. लाईट आली, लाईट गेली, एक फेज उडाला, विहिरीचं पाणी तळाला जाऊन मोटर कोरडी फिरायला लागली, की तिकडून उलटा फोन किंवा मेसेज येतो.

हा उलटा मेसेज लक्षात ठेवा. तो आल्याशिवाय शेतकरी परत पांघरूण ओढत नाही.

डब्याच्या खोडीही मळ्यात सगळ्यांना पाठ. सिमचा रिचार्ज संपला की मोटर ऐकत नाही. बरेच डबे २जीवरचे, त्यामुळे ज्या कंपनीचं २जी जाळंच नाही तिचं सिम घालून काही होत नाही. म्हणजे लांबून चालणाऱ्या वस्तूचा जीव भलत्याच ठिकाणी अडकलेला असतो, हे इथल्या शेतकऱ्याला कधीचंच माहीत आहे. शहरात ते आता कळतंय.

[दृश्य : नाशिक, इंदिरानगर, तिसरा मजला. खुर्चीवर उभा वायरमन. स्विचबोर्डाची पट्टी उघडलेली.]

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका, आणि काकू. मुलगा पुण्यात नोकरीला. दिवे, गिझर, दाराचा सेन्सर हे सगळं त्याला तिथून दिसावं आणि चालवता यावं, अशी त्याची इच्छा. काकूंची अट एकच.

“भिंतीवरचं बटण चालायलाच पाहिजे. मी काही दिवा लावायला चष्मा शोधणार नाही.”

वायरमन सिडकोतला. हसत म्हणतो, “काकू, बटण कुठं जात नाही. मागे फक्त एक मॉड्यूल बसवतोय.”

मॉड्यूल काडेपेटीएवढं. आत एक रिले, म्हणजे इशारा मिळाला की चालू-बंद होणारं बटण, आणि निरोप घेणारा-देणारा एक रेडिओ. बोर्डात लाल वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. मॉड्यूलला दिवा बंद असतानाही थोडी वीज लागते, नाहीतर हुकूम ऐकणार कोण? म्हणून न्यूट्रल हवा. या बोर्डात प्लगची जागा आहे, त्यामुळे न्यूट्रल हाताशी मिळाला. जुन्या वायरिंगमध्ये नुसत्या दिव्यांच्या बोर्डात तो आणलेलाच नसतो. मग न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलं बसवतात. ती दिव्यातूनच किंचित वीज घेतात, आणि एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणत राहतो.

बोर्ड उघडायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. आधी पॅसेजमध्ये स्मार्ट बल्ब लावला होता. काकू रोज रात्री झोपताना सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करायच्या. बल्बची वीजच तुटली, मग पुण्यातून कितीही दाबा, ॲप म्हणणार ‘ऑफलाइन’. आणि त्याच वेळी मुख्य दाराचा सेन्सरही गायब व्हायचा. दाराचा आणि पॅसेजच्या बल्बचा काय संबंध?

संबंध आहे.

[दृश्य : टीव्हीच्या कपाटावर पांढरी चपटी डबी. एक निळा दिवा.]

हा हब, घरातल्या वस्तू आणि इंटरनेट यांच्यामधला दुवा. घरातल्या वस्तूंशी तो बहुतेक वेळा वायफायवर बोलत नाही. त्याची भाषा झिग्बी, छोट्या निरोपांची बिनतारी पद्धत. वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे वायफायपुढे काहीच नाही. पण ‘चालू’, ‘बंद’, ‘दार उघडलं’ एवढं सांगायला तो रग्गड होतो. वीज इतकी कमी लागते की दाराचा सेन्सर बटणाएवढ्या सेलवर वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतो.

झिग्बीत प्रत्येक वस्तू थेट हबपर्यंत पोचतेच असं नाही. ज्या वस्तू कायम विजेवर आहेत, बल्ब, प्लग, बोर्डातली मॉड्यूलं, त्या इतरांचे निरोप पुढे ढकलतात. सेलवरचे सेन्सर मात्र फक्त स्वतःपुरतं बोलतात आणि झोपी जातात. इंदिरानगरच्या घरात दाराचा निरोप पॅसेजच्या बल्बमार्फत हबकडे जात होता. काकूंनी बल्बची वीज तोडली की दाराचा आवाज बंद. चूक काकूंची नव्हे. भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, ही अपेक्षाच आपल्याकडच्या घरात चुकीची. म्हणून बल्ब काढला आणि मॉड्यूल बसलं. त्याला वीज कायम मिळते, बटण काहीही असो.

एक बारीकसारीक गोष्ट. हब राउटरला चिकटून ठेवू नये. झिग्बी आणि वायफाय, दोघांचीही वहिवाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. हात-दीड हात जरी लांब ठेवला तरी फरक पडतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे मात्र एवढ्यानं भागत नाही. तिथं खोलीखोलीत विजेवरचा एखादा प्लग लावून निरोपाची वाट बांधावी लागते.

[दृश्य : पुणे. मुलगा लॅपटॉपसमोर, हातात फोन. ॲपवर ‘पॅसेज’ लिहिलेला चौकोन.]

मुलानं बटण दाबलं. हुकूम पुण्याहून नाशिकला निघाला, असं आपल्याला वाटतं. तो आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर मुंबईत असेल, सिंगापूरला असेल, आणखी कुठे असेल. तिथून हुकूम इंदिरानगरच्या राउटरला, राउटरकडून हबला, हबकडून मॉड्यूलला, आणि मग बोर्डामागे रिलेचा ‘टक्’. सगळा प्रवास बहुतेक वेळा एखाद्या सेकंदात.

एवढा वळसा कशाला? कारण काकूंच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नाही. आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. ते कधीच अपुरे पडले, त्यामुळे नेट पुरवणारे एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. बाहेरून कुणी आलं आणि ‘काकूंकडे जायचंय’ म्हणालं, तर गेटवरचा वॉचमन सोडत नाही. पण काकूंनीच वरून बोलावलं असेल तर सोडतो. हब हेच करतो. आतून सर्व्हरकडे एक जोडणी उघडून ठेवतो, आणि ती मिटू नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं ‘मी आहे’ एवढं कळवत राहतो. मुलाचा हुकूम त्या आतून उघडलेल्या वाटेनं घरात येतो.

आता ही वाट तोडून बघू.

[दृश्य : राउटरच्या मागची फायबरची वायर काढणारा हात.]

नेट बंद. पुण्यातल्या फोनवर सगळं करडं पडलं. बोलून चालणारा स्पीकर इंटरनेट नाही म्हणून हात वर करतो. ते अपेक्षितच. पण काका पॅसेजमधून गेले आणि दिवा लागला, कारण ‘रात्री कुणी चाललं तर दिवा लाव’ हा नियम हबमध्येच साठवलेला आहे. त्याला सर्व्हरची परवानगी लागत नाही.

गिझरचं काय? गिझरचा प्लग दुसऱ्या कंपनीचा, थेट वायफायवरचा. हबशी त्याचं नातं नाही. काका न्हाणीघराच्या दारात उभे, फोन हातात, प्लग चार फुटांवर, आणि ॲप म्हणतं, जोडणी नाही. शेवटी त्यांनी हात लांबवून बटण दाबलं.

खरेदीआधी हे असं करून बघण्याइतकं दुकानात कुणी थांबू देत नाही. पण निदान विचारावं. नेट गेलं तर यातलं काय काय चालेल?

आणि नाशिकला नुसतं नेट जात नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट आधी जाते. घरात इन्व्हर्टर असतो, पण त्याची लाईन दिव्या-पंख्यांपुरती. फायबरचा डबा, राउटर आणि हब, तिघंही टीव्हीमागच्या प्लगवर. म्हणजे घर उजेडात आणि हब अंधारात. तिन्ही गोष्टी इन्व्हर्टरवर घ्यायला वायरमनला फार वेळ लागत नाही, सांगावं मात्र लागतं. लाईट परत येते तेव्हा वेगळीच तऱ्हा. बरेच स्मार्ट बल्ब वीज आली की आपोआप पूर्ण उजेडानं लागतात. पहाटे तीनला लाईट आली, तर तीनला झगझगाट. सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर आधीच्या स्थितीत रहा’ अशी सोय असते. बहुतेकांना ती पहिल्या वळवानंतर सापडते.

[दृश्य : गिझरच्या प्लगचा जवळून शॉट. ॲपवर वॉटचा आकडा.]

आता मळ्यातल्या त्या उलट्या मेसेजकडे या. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. १० अँपिअरच्या स्वस्त प्लगवर तो रोज चालवला की प्लग तापतो, आणि एखाद दिवशी रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग पुण्यात ‘बंद’ दाबलं, ॲपनं ‘बंद’ दाखवलं, गिझर चालूच. ॲप दाखवतं ते पुष्कळदा दिलेला हुकूम असतो, प्रत्यक्ष काय झालं ते नसतं. म्हणून गिझरला १६ अँपिअरचा आणि वीज मोजणारा प्लग हवा. ‘बंद’ दाखवूनही खाली १९०० वॉट दिसले, तर मुलानं काकांना फोन करून एमसीबी पाडायला सांगावी. दिंडोरीचा शेतकरी डब्याकडून हाच हिशेब मागत असतो.

[दृश्य : सातपूर. टेबलावर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, मोकळ्या वायरा.]

सातपूर औद्योगिक वसाहतीत ऑटोमेशनचं काम करणारा एक तरुण. त्याला कंपनीचा सर्व्हरच नको. घरात रास्पबेरी पायवर होम असिस्टंट चालवतो. पाऊलस स्काउटसेन यानं २०१३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट आहे आणि सगळा कारभार घरातल्या घरात ठेवते. निरोपांसाठी तो एमक्यूटीटी वापरतो. ही पद्धत १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी बांधली, तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी. जाळं कमकुवत, निरोप छोटा, पण पोचलाच पाहिजे. विहिरीवरच्या मोटरीचीही गरज तीच, त्यामुळे या तरुणानं गावाकडच्या मोटरीचा हिशेबही याच डबीवर आणलाय. बाहेरून तो व्हीपीएनमधून, म्हणजे स्वतःपुरत्या कुलूपबंद वाटेनं, घरात शिरतो, राउटरला भोक पाडत नाही.

“माझं घर कुणाच्या मर्जीवर चालत नाही,” तो म्हणतो. तो गावाला गेला आणि डबी अडली, तर घर कुणाच्या मर्जीवर चालतं, याबद्दल त्याच्या बायकोचं मत आम्ही चित्रित केलं होतं. त्यानं ते वापरू नका म्हटलं.

पण त्याची भीती पोकळ नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टनं ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातले चांगले चालणारे हब त्या दिवशी निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक थांबले. ॲप गेलं, मात्र एकमेकांशी थेट जोडलेली भिंतीवरची बटणं आणि दिवे चालत राहिले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचं मानक आलं, निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू घरातल्या जाळ्यावर एकमेकांशी बोलाव्यात म्हणून. नवीन वस्तू घेताना खोक्यावर ती खूण बघावी, असं आमचं मत. जुन्या गिझरच्या प्लगला त्याचा उपयोग नाही.

[दृश्य : पुन्हा इंदिरानगर. वायरमन फोनवर ॲप उघडून दाखवतो.]

एक गोष्ट कॅमेरा सुरू असतानाच लक्षात आली. वायरमननं खातं उघडलं होतं स्वतःच्या मोबाईल नंबरावर. काम पटकन व्हावं म्हणून सगळेच असं करतात, त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. पण काकूंच्या दाराची, दिव्यांची, गिझरची मालकी त्या क्षणी सिडकोतल्या एका फोनमध्ये होती. मुलानं पुण्याहून नवीन खातं उघडलं, पासवर्ड बदलला, ओटीपीची दुहेरी तपासणी लावली आणि हब पुन्हा जोडून घेतला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला की काय होतं, ते जगानं २०१६ मध्ये पाहिलंय. मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं असेच न बदललेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारे डबे (डीव्हीआर) ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट अडवल्या.

कॅमेऱ्यावरून घरातही थोडं झालं. मुलाला हॉलमध्ये एक हवा होता. काकूंनी फोनवर सांगितलं, “दाराचा असू दे. हॉलमधला नको. मी कधी जेवले, कधी लवंडले ते तुला तिथून दिसायला नकोय.”

“अगं आई, काळजी वाटते म्हणून.”

“मग फोन कर की. तो चालू असतो माझा.”

कॅमेरा खोक्यात गेला. पॅसेजचा सेन्सर राहिला. सकाळी साडेआठपर्यंत तिथं कुणीच हललं नाही तर मुलाला मेसेज जाईल, एवढ्यावर तडजोड झाली.

वायरमन पट्टी बसवून निघतो, तोच वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं. त्यांना दिवे नकोत, गिझर नको. गच्चीवरची टाकी भरली की खालची मोटर बंद व्हावी आणि फोनवर कळावं, बस्स. नळाला पाणी यायच्या वेळा ठरलेल्या, आणि टाकी भरून वाहायला लागली की सोसायटीत बोलणी त्यांनाच.

वायरमननं वर बघितलं, खाली बघितलं. “मधे चार स्लॅब आहेत काका. झिग्बी पोचायची नाही. फ्लोट, म्हणजे टाकीत तरंगणारा स्विच लावू आणि सरळ वायर ओढू. फोनचं नंतर बघू.”