वीस भागांचा टायटन

'सिम-बायॉनिक टायटन' या कार्टून मालिकेतली, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या शर्मन गावची ही शाळा. आज तीन नवी मुलं आली आहेत, त्यांच्याकडे नीट पाहा. ही इलाना. गॅलालूना नावाच्या ग्रहाची राजकन्या. तिच्यावर नजर ठेवून चालणारा हा लान्स, तिच्या रक्षणासाठी नेमलेला तरुण सैनिक. आणि हा जाडजूड, बावरलेला न्यूटन मुळात माणूसच नाही. त्याचं खरं नाव ऑक्टस, आणि तो रोबो आहे. शेजारपाजाऱ्यांना संशय नको म्हणून घरी हाच ऑक्टस या दोघांचा बाप होऊन वावरतो.

गॅलालूनावर जनरल मॉड्युलाने राजाविरुद्ध बंड केलं आहे. राजाने मुलीला पृथ्वीवर धाडलं, स्वतः मात्र तो मागे राहिला. मॉड्युलाचे राक्षस आता तिला शोधत शर्मनपर्यंत पोहोचतात. मग या तिघांना एकत्र यावं लागतं आणि त्यातून टायटन नावाचा महाकाय रोबो उभा राहतो.

ही मालिका अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर सुरू झाली १७ सप्टेंबर २०१० रोजी. निर्माते तिघे: गेंडी टार्टाकोव्स्की, पॉल रुडिश आणि ब्रायन अँड्र्यूज. टार्टाकोव्स्की हे नाव अनोळखी वाटलं, तरी त्यांचं काम आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने शाळेतून आल्यावर पाहिलं आहे. 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' त्यांची, 'सामुराय जॅक'ही त्यांचीच.

टायटनचं मूळ जपानमध्ये आहे. १९५६ साली मित्सुतेरू योकोयामा यांनी 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा सुरू केली. तिच्यात एक मुलगा हातातल्या रिमोटने भल्यामोठ्या रोबोला चालवायचा, पण तो स्वतः बाहेर उभा असायचा. १९७२ मध्ये गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने चालकाला थेट रोबोच्या डोक्यात बसवलं. रोबोवर पडलेला घाव आता आतल्या मुलालाही हादरवणार होता. दोनच वर्षांनी 'गेटर रोबो' आली. तीन विमानं, तीन चालक आणि तिघांचा मिळून एक रोबो. टायटन याच घराण्यातला. अमेरिकी मुलांना हा प्रकार घराघरात कळला तो १९८४ च्या 'व्होल्ट्रॉन'मुळे, आणि तीसुद्धा जपानी मालिकांची चित्रं नव्याने जुळवून, नवे संवाद घालून केलेली होती.

टार्टाकोव्स्की आणि त्यांच्या साथीदारांनी यात काय नवं केलं?

जोडणीचा हा प्रसंग पाहा. इलाना आणि लान्स यांच्या अंगावर आपापली चिलखतं आहेत. ऑक्टसचं शरीर विरघळतं, पसरतं, दोघांना आपल्यात सामावून घेतं. तीन शब्द ऐकू येतात: हृदय, शरीर, बुद्धी. हृदय इलानाचं, शरीर लान्सचं, बुद्धी ऑक्टसची. तिघांतला एक जरी दूर असेल, तरी टायटन उभा राहत नाही. त्यामुळे घरात, शाळेत, जेवणाच्या टेबलावर त्यांचं आपसांत काय चाललंय, याला लढाईइतकंच मोल येतं.

म्हणूनच ही मालिका शाळेत इतका वेळ घालवते. इलानाला माणसांत मिसळायचंय. लान्सला कुणाशीच बोलायचं नाही. आणि न्यूटनच्या हुशारीमुळे गृहपाठ सुटतो म्हणून जवळ आलेली किमी हळूहळू त्याच्यात खरोखर गुंतत जाते. यंत्राला हे समजेल का, असा प्रश्न मालिका विचारते आणि उत्तराची घाई करत नाही. माझ्या मते तिचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे. राक्षसांच्या मारामाऱ्याही देखण्या आहेत, पण तशा इतरत्रही सापडतात.

याचं मूळ मला निर्मात्याच्या आयुष्यात दिसतं. टार्टाकोव्स्की यांचा जन्म १९७० चा, मॉस्कोचा. सात वर्षांचे असताना ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि पुढे शिकागोत वाढले. शिकागोही इलिनॉयमध्येच. परक्या देशातून आलेला, वर्गातल्या इतरांसारखं दिसायला-बोलायला धडपडणारा मुलगा त्यांनी बाहेरून पाहिलेला नव्हता. इलाना आरशासमोर आपले कपडे ठीकठाक करते, तेव्हा ती केवळ दुसऱ्या ग्रहावरची राजकन्या राहत नाही.

मालिका ९ एप्रिल २०११ रोजी संपली. एकूण भाग वीस. कथा अर्धवट. राजाचं पुढे काय झालं, ही मुलं घरी परतली का, काहीच सांगितलं गेलं नाही. तिच्याशी जोडलेली खेळणी बाजारात आली नव्हती, आणि बंद पडण्याचं कारण म्हणून तेच सांगितलं जातं.

महाकाय रोबो आणि खेळण्यांचं दुकान यांचा संबंध असा जुना आहे. १९७४ मध्ये 'माझिंगर झेड'ची धातूची खेळणी आली आणि रोबोंच्या मालिका कशासाठी काढायच्या, याचं गणितच पालटलं. १९७९ ची 'गंडाम' ही जपानी रोबो-मालिका आठवा. योशियुकी टोमिनो यांनी युद्धाची, मरणाऱ्या तरुणांची गोष्ट सांगायला घेतली. खेळणी खपली नाहीत आणि ठरलेल्या ५२ भागांऐवजी ४३ भागांतच मालिका आटोपली. पण १९८० मध्ये बंदाई कंपनीने तिच्या रोबोंची जोडायची प्लॅस्टिक मॉडेल्स काढली आणि मुलांची झुंबड उडाली. पाठोपाठ तीन चित्रपट आले. आज 'गंडाम' चाळिशी ओलांडूनही जोमात आहे.

टायटनला अशी दुसरी संधी मिळाली नाही. २०१२ मध्ये 'टूनामी' या रात्रीच्या कार्यक्रमात ती पुन्हा दाखवली गेली, पण नवे भाग निघाले नाहीत. २०१७ मध्ये 'सामुराय जॅक' तब्बल तेरा वर्षांनी परतला आणि त्याची गोष्ट पूर्ण झाली, तेव्हा टायटनच्या चाहत्यांनाही आशा वाटली असेल. मलाही वाटली होती.

वीस भाग सलग पाहायला सवड नसेल, तर आधी पहिला भाग पाहा आणि त्यानंतर 'शॅडोज ऑफ यूथ'. या भागात लान्सचं बालपण आहे. शर्मनच्या शाळेत तो कुणालाही जवळ का येऊ देत नाही, हे त्यात कळतं. त्यानंतर उरलेले अठरा पाहायला तुम्ही आपणहून सवड काढाल.