उताणा कावळा

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला 'आपली संस्कृती आणि पुढची पिढी' हा विषय दिला होता. चार पानांचं भाषण लिहूनही झालं होतं. ते घरी ठेवून आलोय, कारण गेल्या रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या धाकटीने ते निकालात काढलं.

रविवारी पाऊस होता. व्हँकूवरमध्ये हे सांगायची गरज नाही, पण म्हणून आम्ही म्युझियममध्ये गेलो. तिथे एका काचेमागे लाकडी खुळखुळा होता. कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी निस्गा लोकांचा, आपल्याच प्रांताच्या वरच्या कोपऱ्यातल्या नास नदीच्या खोऱ्यातला. खुळखुळा म्हणालो खरा, पण हा सरदाराने समारंभात नाचताना हातात धरायचा. बायकोने "हळू बोला" म्हणून कोपर मारलं. काय करू, दुसरा शब्दच सुचेना.

वस्तू मात्र बघत राहावी अशी. पोकळ कोरलेले दोन भाग एकत्र बांधलेले, आत खडे. आकार डोमकावळ्याचा. त्याच्या पाठीवर एक माणूस आडवा पडलेला, त्याची जीभ बाहेर आणि ती थेट बेडकाच्या जिभेला भिडलेली. कावळ्याच्या पोटावर आणखी एक चेहरा, बाकदार चोचीचा. आणि हा कावळा हातात धरायचा तो उताणा, पोट वर करून. सुलटा धरला तर जिवंत होऊन उडून जाईल, असं सांगतात. पितृपक्षात कावळा यावा म्हणून गच्चीवर तासतास ताटकळणारी आपण माणसं. इथे तो जाऊ नये म्हणून खबरदारी!

मी हे सगळं रंगवून सांगितलं. धाकटीने एवढंच विचारलं, "बाबा, ह्याचा आवाज कसा आहे?"

पाटी वाचली. लाकूड होतं, रंग होता, आवाज नव्हता.

"मग वाजवत का नाहीत? वाजवणारे मेले?"

मेले नाहीत, म्हटलं. मग घरी येऊन वाचत बसलो, आणि लाज वाटली, कारण वीस वर्षं इथे राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. १८८५ ते १९५१ या काळात त्यांच्या देण्याघेण्याच्या समारंभांवर, पॉटलॅचवर, कायद्याने बंदी होती. म्हणजे असा खुळखुळा जिथे वाजायचा तो समारंभच गुन्हा. त्याच काळात, १९२९ साली, निस्गांच्या नीस्जूल घराण्याचा अकरा मीटर उंचीचा स्मारकखांब मारियस बार्बो या मानववंशशास्त्रज्ञाने नेला आणि एडिनबराच्या संग्रहालयाला विकला. गावची माणसं शिकारीला आणि हंगामाचं अन्न गोळा करायला गेली होती, असं निस्गा सांगतात. २०२२ मध्ये त्या घराण्याची माणसं एडिनबराला जाऊन खांब मागून आली. २०२३ मध्ये तो लष्करी विमानातून परतला आणि आता नासच्या काठी, लाख्गाल्त्साप गावात त्यांच्याच संग्रहालयात उभा आहे. चौऱ्याण्णव वर्षांनी!

मघाशी कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण या भूमीच्या मूळ रहिवाशांची तीन नावं वाचली. तिन्ही ठिकाणी अडखळलो. गेल्या वर्षी हेच चालू असताना मागून कुणीतरी "आटपा, वडे गार होतायत" म्हणालं होतं. तो मी होतो. ऑफिसात कुणी आपलं आडनाव चुकवलं की आपण घरी येऊन तासभर धुमसतो, आणि यांना अजून 'रेड इंडियन' म्हणतो. पोरांसमोर म्हणतो.

असो. रात्री जेवताना धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "आजोबांचे टाळ पण म्युझियममध्येच आहेत ना?"

आमच्या हॉलमध्ये माझ्या वडिलांचे टाळ टांगलेत. छान चौकट, वर छोटा दिवा. पाहुणे आले की मी दिंडीची गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती दोनदा ऐकलीय. मला राग आला. उठलो, टाळ काढले, म्हटलं बघच आता. बायको म्हणाली, "रात्रीचे साडेनऊ झालेत, शेजारी तक्रार करतील. आणि आधी ठेका तरी येतो का?" त्यावरून जे झालं ते इथे सांगत नाही. पहिल्याच ठोक्याला कुजलेली दोरी तुटली आणि एक टाळ घरंगळत सोफ्याखाली गेला. गेला तो अखंड वाजत गेला. वडिलांनंतर त्या टाळांचा तेवढाच आवाज माझ्या घरात झाला.

त्यांची आणि आपली तुलना करायची माझी हिंमत नाही. त्यांच्यावर बंदी होती, त्यांचं उचलून नेलं. आपल्यावर कसली बंदी होती? तिकीट काढून आलो, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन, आणि टाळ खिळ्याला आपणच लावले. मंडळाच्या लेझिमा कुठल्या गोदामात आहेत हे कार्यकारिणीत तरी कुणाला आठवतंय का? भाडं मात्र दरमहा भरतोय, ते खजिनदारांना पाठ आहे.

टाळ सध्या चपलांच्या रॅकवर आहेत. परत टांगायचे नाहीत असं धाकटीने बजावलंय. पण शिकवणार कोण, हेही तिनेच विचारलंय. मला अभंगाच्या दोन ओळी येतात, तिसरीला यूट्यूब लागतं.

तेव्हा कुणाकडे टाळाची दोरी असेल तर जेवताना मला गाठा. वाजवता येणारं कुणी असेल, तर आधी गाठा.