गाडी गरम होते, पण केव्हा?

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी गरम होते म्हटलं की सल्ले लगेच सुरू होतात. एक जण म्हणतो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाका, दुसरा म्हणतो रेडिएटर बदला, तिसऱ्याच्या मते पाण्याचा पंप गेलेला असतो. तिघांपैकी एखादा बरोबरही निघेल. पण गाडी नेमकी केव्हा गरम होते, हे कुणीच विचारत नाही, आणि अर्धं निदान त्या उत्तरातच असतं. सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? मग पंख्याकडे बघा. शहरात ठीक, पण चढावर किंवा वेगात तापते? रेडिएटर किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा लाल पट्ट्यात? थर्मोस्टॅट बंद अडकलाय, नाहीतर आत पाणीच नाही. आणि काटा शांत असून पाण्याच्या टाकीतली पातळी दर आठवड्याला खाली जात असेल, तर गाडी पाणी खातेय. तो वेगळा तपास.

हात लावण्याआधी एक गोष्ट. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. झाकण आत जवळपास एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच मिश्रण 125 अंशांपुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाखालचं पाणी 115 अंशांवर असूनही शांत दिसू शकतं. झाकण फिरवलं, दाब सुटला, की ते त्या क्षणी उकळून तोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबा. तासभर तरी जातोच.

आता पंखा. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरायला लागतो. फिरला नाही तर आधी एसी खरंच गार करतोय का ते बघा, कारण गॅस संपला असेल तर कॉम्प्रेसर लागत नाही आणि काही गाड्यांत पंख्यालाही हुकूम जात नाही. मग फ्यूज. मग रिले, म्हणजे पंख्याची वीज जोडणारा छोटा स्विच: फ्यूजच्या डब्यात बहुधा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटं लागतात. तरी नाही, तर पंख्याचं कनेक्टर सोडा आणि मोटरला फ्यूज घातलेल्या वायरीने थेट बॅटरीचे 12 व्होल्ट द्या. मोटर जोरात फिरली तर ती निर्दोष. दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. कुरकुरत, अडखळत फिरली तर मोटरच बदला. कनेक्टर हातात आहेच, तर त्याच्या आत नीट बघा. एखादी पिन काळपट आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसलं, तर सैल पिनेमुळे तिथे उष्णता तयार होतेय. नुसती मोटर बदलून ती गाडी पुन्हा तापणार. आणि हे सगळं करताना बोटं पात्यांपासून लांब ठेवा. चावी काढलेली असली तरी पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ हात घालायचाच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

वेगात तापणाऱ्या गाडीत पहिला संशय रेडिएटरवर घ्या, पण तो लगेच बदलू नका. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, झाडांचा कापूस यांचा थर साचतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, घाण मधे असते. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पाणी मारा. जोराचा पंप वापरलात तर जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन्स) आडव्या होतात आणि हवा जायची ती वाटही बंद होते. याने फरक पडला नाही, तर रेडिएटर आतून चोंदलाय का ते पाहायचं. इंजिन तापल्यावर जाळीवर हवा येण्याच्या बाजूने ठिकठिकाणी तापमान मोजा. मधेच गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. नळाचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याचा हा परिणाम.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या जुन्या भांड्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याजवळ पोचलं की झडप उघडायला लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. पाणी उकळलं तरी हलली नाही, तर दोषी सापडला. गार पाण्यातच फट दिसत असेल तर तो उघडा अडकलाय. अशा गाडीचा काटा वर चढतच नाही, हीटर कोमट राहतो, इंधन जास्त जातं आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी०१२८ हा कोड येतो.

थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याच्या सल्ल्याबद्दल: तो ऐकू नका. इंजिन कायम थंड राहिलं की इंधन जास्त फवारलं जातं आणि तेलातली वाफ उडून जात नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर बरंचसं पाणी रेडिएटर टाळून इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा आणि कडेला छोटं भोक असेल तर ते वरच्या बाजूला. तिथून हवा निघते. गॅस्केट नवीनच घाला.

पाणी खाणाऱ्या गाडीत आधी बाहेर शोधा. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीवर, पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी पांढरट किंवा रंगीत वाळलेला ओघळ दिसतो. पुढच्या सीटखालची चटई ओली आणि काचेवर आतून चिकट धुकं येत असेल तर हीटरची जाळी गळतेय. गाडी थंड झाल्यावर होज चपटा झालेला दिसला, तर झाकणातली व्हॅक्यूमची झडप अडकलीये. नवं झाकण घ्या, मात्र त्याच दाबाचं.

बाहेर काहीच नाही? मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. थंड इंजिन झाकण काढून सुरू करा. हवेचे काही बुडबुडे सुरुवातीला येतात, पण ते थांबेनात तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. झाकण लावून सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक होणं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणं, या त्याच्याच खुणा. तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका, छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती दमटपणामुळेही जमते. डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल तर मात्र इंजिन पुन्हा सुरू करू नका, बेअरिंग जातील. हेड उतरवून ते सरळ आहे की वाकलंय हे मोजून घेणं वर्कशॉपचं काम.

कूलंट भरताना रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा. न जुळणारे दोन प्रकार मिसळले तर आत गाळ किंवा जेली होऊ शकते. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड पाणी निम्मं. किती बाहेर काढलं ते मोजून ठेवा: पाच लिटर निघालं आणि साडेतीनच आत गेलं, तर दीड लिटरच्या जागी हवा अडकलीये. पाणी भरायच्या तोंडाची बाजू थोडी उंच ठेवून गाडी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सलग धार येईपर्यंत उघडा. मग झाकण लावून पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. डॅशबोर्डमागून खळखळ येत असेल किंवा उभ्या गाडीत हीटर गार, रेस दिल्यावर गरम असं होत असेल, तर हवा अजून आहे. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा आणि खुणेपर्यंत भरा.

जुनं कूलंट गटारात ओतू नका आणि उघड्या तसराळ्यातही ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं; कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुण्याआधी फडक्याने टिपून घ्या.

नमस्कार.