लातुरातला दोन फुटी समुद्र

हे बघा, दोन फुटाची प्लायवूडची फळी. हिच्यावर मी छोट्या मॉडेल रेल्वेसाठी समुद्र बसवायलोय, आणि खरा समुद्र आमच्या लातूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर.

स्केल एचओ, म्हणजे 1:87, सगळं खऱ्याच्या 87 पट लहान. ही फळी खऱ्या मापात जेमतेम 53 मीटर होते. कोकण रेल्वेचा होन्नावरजवळचा शरावतीवरचा पूल 2 किलोमीटरपेक्षा लांब, तो पूर्ण करायचा म्हणलं तर 23 मीटरच्या वर लांब खोली लागंल, म्हणून मी खाडीचं तोंड, एक छोटा पूल, थोडा किनारा आणि दोन होड्या एवढंच धरलं. होड्या ज्वारीच्या धांड्यातल्या भेंडाच्या केल्यात, लहानपणी बैलगाड्या करायचो तेच भेंड, ब्लेडनं अलगद कापलं जातं. माडाचं खोड तांब्याच्या तारेला पीळ देऊन, झावळ्या कागदाच्या.

वाळूनं लई दिवस खाल्ले. 1 मिलीमीटरचा खडा म्हणजे ह्या जगात जवळपास 9 सेंटीमीटरचा गोटा, मग किनारा कसा वाटणार तो? शेवटी ओढणीतून गाळली, तेव्हा कुठं जमलं. पाण्याजवळची वाळू जरा गडद रंगवली, कारण ओली वाळू तशीच दिसते.

आता पाणी. पाणी खरं तर रंगातच असतं, तळ आधी रंगवायचा, खोलीकडं गडद निळा-हिरवा आणि काठाला येईस्तोवर फिका होत गेलेला, मग वरून एपॉक्सी रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन, तेबी दोन-तीन मिलीमीटरच्या थरानं, एकदम ओतलं की ते तापतं आणि तडकतं. आमच्याकडं मे महिन्यात तर दुपारी कपातच घट्ट व्हायलं, म्हणून मी पहाटे पाचला उठून ओतायचो. पहिल्या वेळी कडेची टेप सुटली आणि सकाळी अर्धा समुद्र फरशीवर, फार वाईट वाटलं. नंतर कडा सिलिकॉननं बंद केल्या. लाटा अॅक्रिलिक जेलच्या, फेसाला पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश.

गाडी कुठली चालवायची हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस ती गाडी विसरत नाही. तिच्या वाटेत समुद्र नव्हता, इथं आहे.

पुलासकट फळीवर चारच वाघिणी मावतात. बाकीच्या सहा मागं टेबलावर उभ्या आहेत. थांबा, स्विच दाबतो.