पडद्यावर आधी सर्किट

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दुकानांची शटर नुकतीच वर गेली आहेत. अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी आलेख कागदावरची यादी वाचून रेझिस्टर आणि कपॅसिटर मागून घेते आहे, आणि शेवटी ५५५ हा आकडा उच्चारते. १९७२मध्ये बाजारात आलेली ही आठ पिनांची टायमर आयसी, म्हणजे ठरावीक वेळेने संकेत देणारी चिप, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या हाती आजही अगदी सुरुवातीलाच पडते.

यादीपेक्षा या कागदाची दुसरी बाजू अधिक पाहण्याजोगी आहे. पेन्सिलीने काढलेल्या आकृतीत ५५५च्या दोन आणि सहा क्रमांकांच्या पिना एकमेकींना जोडल्या आहेत. रेघा जिथे जोडल्या जातात तिथे ठळक ठिपका आहे, आणि जिथे त्या नुसत्याच एकमेकींवरून जातात तिथे तो नाही. कोथरूडमधील एका खोलीत सर्किट रेखाटनाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चौघांनी असाच एक कागद भिंतीवर लावला आहे, आणि पडद्यावर येऊ पाहणाऱ्या प्रत्येक बटणाला ते त्या कागदासमोर उभे करतात.

१९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर सादर केले, तेव्हा प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघ ओढता येत असे आणि आज्ञांची बटणे बाजूच्या वेगळ्या पेटीत असत. पडदा आकृतीसाठी मोकळा राही. पुढे सॉफ्टवेअरची क्षमता वाढत गेली आणि प्रत्येक नव्या सोयीबरोबर एक नवे आयकॉन येत गेले. जुने काढून टाकण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

टेबलावरचे हे दृश्य नीट पाहावे. चौघांनी आपल्याच पहिल्या आवृत्तीचा पडदा मोठ्या कागदावर छापून घेतला, प्रत्येक बटणावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि त्या विद्यार्थिनीला सर्किट काढायला सांगितले. तिने तोंडाने मागितल्याशिवाय एकही चिठ्ठी उचलायची नाही, असे ठरले होते. घटक शोधणे, फिरवणे, पुसणे या चिठ्ठ्या लवकर निघाल्या. उरलेल्या बहुतेक शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. आणि जोडण्याचे बटण तर तिने मागितलेच नाही, तिने पेन्सिलीचे टोक सरळ पिनेवर टेकवले आणि रेघ ओढली. त्याच संध्याकाळी ते बटण पडद्यावरून गेले. आता कर्सर पिनेजवळ नेला की त्याची पेन्सिल होते आणि एका क्लिकवर तिथूनच वायर सुरू होते. पार्श्वभूमीच्या ग्रिडचे ठिपके जोडाच्या ठिपक्यांसारखे दिसत होते, म्हणून तिथे फिकट रेघा आल्या, त्याही फक्त घटक हलत असताना दिसणाऱ्या.

सर्वांत लांबलेला वाद वीजपुरवठ्याच्या पिनांचा होता. ७४ या लॉजिक चिपच्या मालिकेतील १४ पिनांच्या बहुतेक आयसींत सातवी पिन ग्राउंडची आणि चौदावी पुरवठ्याची असते, आणि रेखाटन सॉफ्टवेअरमधील तयार चिन्हांच्या जुन्या अनेक संग्रहांत या दोन्ही पिना चिन्हावर दाखवतच नसत. नावावरून त्या आपोआप जोडल्या जात. आकृती सुटसुटीत दिसे, पण पुरवठ्याचे नाव जरा वेगळे पडले की आयसीला वीज मिळत नसे आणि डोळ्यांना आकृतीत काहीच चुकीचे दिसत नसे. बटणे हवी तेवढी आवरावीत, पण सर्किटमधली एकही पिन झाकू नये, या चौघांच्या आग्रहाशी आम्ही पूर्णपणे सहमत आहोत.

सर्किट कसे वागेल याच्या आकडेमोडीचा भाग त्यांनी नव्याने लिहिलेला नाही; त्यासाठी एनजीस्पाइस हे मुक्त सॉफ्टवेअर आत काम करते. गेल्या सत्रापासून एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या चौघांचे सॉफ्टवेअर वापरले जात आहे.

तीच विद्यार्थिनी आता संगणकासमोर आहे. पडद्यावर तिची आकृती आहे, आणि शेजारच्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता घटक जोडता येणाऱ्या पाटीवर, ती ५५५ची चौथी पिन पुरवठ्याला जोडते आहे.